आबा, खोक

गावाहून परतलो त्या दुपारी नातीला जेवू घालायला बसलो. तीन घास सुरळीत गेले. चौथ्या घासाला तिनं तोंड मिटून घेतलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आबा, खोक."

मला वाटलं, माझे कान गेले. "काय गं?"

"खोक ना."

अडीच वर्षांची पोर आजोबाला खोकायला सांगते, यातून काय समजायचं? एसटीत धूळ खाऊन आलो होतो, खोकला तसा घशातच होता, पण हुकमावर येईना. मी हसलो आणि घास पुढं केला. तिनं मान फिरवली. त्या दिवशी ती तीनच घासांवर उठली. मी ते हसण्यावारी नेलं. त्या एका शब्दात काय दडलंय, हे घरात माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. पण आधी कुकरचं सांगायला हवं, नाहीतर माझा राग वाचणाऱ्याला कळायचा नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होतो. निवृत्त झाल्यावर आम्ही नवरा-बायको चिकलठाण्याच्या बाजूला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मुलगा आणि सून दोघंही कंपनीत कामाला, नात दिवसभर आमच्याकडं. आल्या आल्या माझ्या डोळ्यांत खुपलं ते पोरीचं जेवण. तिला भिंतीला टेकवून बसवायचं, समोर तांब्याला टेकवून मोबाइल ठेवायचा, पडद्यावर एक निळं अस्वल नाचायला लागलं की ती आ करायची. आपण घास घालायचा. तिला ना घास दिसायचा, ना घालणारा. एकदा मी मुद्दाम तिच्या घासात कारल्याची भाजी दडवली. कारलं खाताना माझं स्वतःचं तोंड वाकडं होतं. पोरीनं ते गिळलं. पापणी हलली नाही. अस्वल नाचत होतं.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, शाळेतली पोरं साक्ष देतील. मी म्हणालो, "ही पोर जेवते का पोत्यासारखी भरली जाते? जिभेला चव कळत नाही, पोटाला भूक कळत नाही. उद्यापासून बंद."

बायको म्हणाली, "आवं, पन खाती ना? खाती हे काय कमी हाय?"

सून मात्र माझ्या बाजूनं उभी राहिली. "आबा म्हणतात तसंच करू. चार दिवस रडंल."

"चार दिवसांत पोर वाळून जाईल," बायको पुटपुटली. ते पुटपुटणं मी ऐकलं आणि सोडून दिलं.

घरात एक जुना कुकर होता, शिटी हरवलेला. मी कायदा केला की जेवायच्या वेळी घरातले सगळे मोबाइल त्या कुकरात जातील, झाकण लागेल, ताटं उचलल्याशिवाय उघडणार नाही. माझाही त्यात. मुलाच्या साहेबाचा फोन आला की कुकर आतून थरथरायचा आणि नात टाळ्या पिटायची. मुलगा म्हणायचा, "आबा, एक दिवस साहेब मलाच शिजवतील."

पहिले दिवस वाईट गेले, ते लपवत नाही. ताटली भिरकावली, पाण्याचा पेला सांडला, रडून रडून घसा बसवला. मी दोनच गोष्टी धरून बसलो. एक, मागं लागायचं नाही. ताट पुढं ठेवायचं, आपण आपलं जेवायचं, नाही खाल्लं तर न बोलता उचलायचं आणि पुढच्या जेवणापर्यंत बिस्किटाचा पुडा काढायचा नाही. दुसरी, तिला हात घालू द्यायचा. वरणात मनगटापर्यंत हात बुडवला तरी ओरडायचं नाही. शाळेत चाळीस वर्षं ओरडलेल्या माणसाला ही दुसरी गोष्ट फार जड गेली.

तरी तोंड उघडेना. तेव्हा मला शेळ्या आठवल्या.

आमचं घराणं शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांचं. चितेगाव सोडून पैठण रस्त्यानं थोडं पुढं गेलं की आत आमचं गाव. मी लहान असताना आई ज्वारी काढायला गेलेली असायची आणि सांजच्याला मला भरवायचं काम वडिलांवर पडायचं. पुरुषमाणूस लेकराला भरवतो म्हणून गावात त्यांची टिंगल व्हायची. पण त्याच वेळेला शेळ्या रानातून यायच्या आणि त्यांना एकेकीला नावानं हाक मारत काट्याच्या कवाडातून आत घ्यावं लागायचं. वडिलांनी दोन्ही कामं एकत्र केली. माझं तोंड म्हणजे कवाड. "हुर्र्र, आली रं आली, कानी आली. कवाड उघड!" मी आ करायचा, दूध-भाकरीचा घास आत. मग भुरी, मग बांडी, मग चांदी. शेवटी लंगडी. लंगडी रोज मागं राहायची. कधी बोरीत अडकायची, कधी पाटलाच्या ज्वारीत घुसायची. ती आत आल्याशिवाय कवाड लावायचं नाही, म्हणजे शेवटचा घास टाकायचा नाही.

मी नातीपुढं बसलो आणि साठ वर्षांनी ती हाक तोंडातून काढली. फ्लॅटच्या भिंतींनी ती परत माझ्याच अंगावर टाकली. पोर रडायची थांबली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. नीट पाहिलं. आणि कवाड उघडलं.

तीन आठवड्यांत ती सगळं खायला लागली. मेथी खायची, भोपळा खायची, कारलं तोंड वाकडं करून थुंकायची. ती थुंकली तेव्हा मला कोण आनंद झाला! जिभेला कळायला लागलं होतं.

मी शेखी मिरवली, हेही कबूल करतो. सकाळी इमारतीखालच्या बाकावर आम्ही म्हातारे बसतो, तिथं मी रोज धडा घ्यायला लागलो. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात गाठून म्हणाली, "चाचा, हमारा छोटा मोबाइल बगैर मुँह च नई खोलता. तुमारी बकरियां हमारे घर को भी भेजो ना." तिच्या घरी जाऊनही मी दोन दिवस शेळ्या हाकल्या. बायको हे सगळं बघत होती. एकदा मी नातीला भरवत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात मोबाइल उभा धरून उभी दिसली.

"काय करतीस? मोबाइल कुकरात टाक."

"टाइम बघते," ती म्हणाली.

मी पुन्हा शेळ्यांकडं वळलो. बायकोला आलेला फोन उचलण्यापलीकडं त्या यंत्रातलं काही कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत थोरल्या भावाचा पाय मोडला. त्याच्या जनावरांकडं बघायला कोणी नव्हतं, म्हणून मी गावी गेलो आणि बारा दिवस अडकलो. निघताना बायकोला सगळं पढवलं. रोज दुपारी फोन करायचो.

"जेवली का?"

"व्हय, जेवली की. पोटभर."

"मोबाइल?"

"मोबाइल कुकरात हाय."

फोन कुकरात आहे हे ती मला फोनवरच सांगत होती. जेवण आटोपल्यावरच फोन बाहेर येत असणार, असा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. शाळेत पोरांच्या असल्या थापा मी एका मिनिटात पकडायचो.

गावी एका दुपारी भाऊ बाजेवर पडल्या पडल्या जुन्या म्हशीचं बोलायला लागला. वडील सगळ्या गोष्टी निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या की नंतरच्या, असं सांगायचे. ही म्हैस नंतरची, मी सहा-सात वर्षांचा असेन. तिचं रेडकू आठवड्याभरात मेलं. म्हैस दूध देईना. तेव्हा वडिलांनी रेडकाचं कातडं सोलून त्यात भुसा भरला, शिवलं, चार काठ्यांवर उभं केलं आणि म्हशीपुढं ठेवलं. म्हशीनं वास घेतला, चाटायला लागली, आणि पान्हा आला. मी रडून गोंधळ घातला होता. वडिलांना विचारलं होतं, "तिला कळत नाय का, ते खोटं हाय?"

"कळत असंल," वडील म्हणाले होते, "पन चाटल्याबिगर राहवत नाय तिला."

भावाला हे सगळं आठवत होतं. आम्ही दोघं त्यावर हसलोसुद्धा.

परत आलो आणि पहिल्याच दुपारी ते 'आबा, खोक'. पुढं ती माझ्या हातानं पुन्हा जेवायला लागली आणि मी त्यातच खूश होतो, पण रोज काहीतरी नवीन. मी आधी भुरीला हाक मारली की नात ओरडायची, "भुरी नाई! कानी!" मी लंगडीला पाटलाच्या ज्वारीत घातलं की म्हणायची, "बोरीत, बोरीत." आधी रोज नवी गोष्ट मागणारी पोर आता पाठ म्हणून घेणाऱ्या तपासनिसासारखी माझ्यापुढं बसायला लागली. आणि मी बोलत असताना तिची नजर माझ्यावर नसायची. माझ्या गुडघ्याशेजारी, तांब्याच्या बाजूला, जिथं पूर्वी मोबाइल टेकवलेला असायचा तिथं असायची.

मी गुरुजी आहे, मला कळलं. मागं कोणीतरी मोबाइल दाखवतंय. आणि कोण, हे ठरवायला मला एक मिनिटही लागलं नाही. संध्याकाळी दमून येणारी, झटपट आटपू पाहणारी, ती सूनच. मी पुरावा शोधला नाही, विचारलंही नाही. मनात निकाल लिहून मोकळा झालो.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलो. नातीनं तिसऱ्या घासानंतर पुन्हा 'खोक' म्हटलं आणि माझा तोल सुटला. मी सुनेला म्हणालो, "नोकरी करून दमता, हे मला कळतं. पण मी गावाला गेल्यावर मागं हा उद्योग? सरळ सांगायचं, आबा, तुमच्या शेळ्या नकोत. केसानं गळा कापायची काय गरज होती?"

ती गोरीमोरी झाली. "आबा, मी नाही दाखवत."

"मग पोर काय हवेतून शिकली?"

ती उठली, कुकर उघडला, आपला मोबाइल काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. "बघा."

"पुसून टाकायला कितीसा वेळ लागतो?"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. ते मला आजही परत घेता येत नाही. सुनेनं एकदा सासूकडं पाहिलं, फक्त एकदा, मग अर्ध्या ताटावर हात धुतला आणि आत गेली. जेवताना कोणी ओरडायचं नाही म्हणून ज्यानं अख्खं घर वेठीला धरलं होतं, त्यानंच घरातलं एक माणूस भरल्या ताटावरून उठवलं. मुलगा मान खाली घालून वरण कालवत राहिला. बायको भाकरीची टोपली घेऊन माझ्याजवळ आली.

"अजून अर्धी भाकर घेता का?"

मी घेतली.

त्याच आठवड्यात मला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं. आपण जिवंत आहोत हे पेन्शनवाल्याला दरवर्षी जाऊन सांगावं लागतं. दहाच्या सुमारास निघालो, रिक्षा थांब्यापर्यंत गेलो आणि ध्यानात आलं की चष्मा घरीच राहिलाय. परत आलो. किल्ली खिशात होती, दार हळूच उघडलं.

आतून माझा आवाज येत होता.

"हुर्र्र, आली रं आली, कानी आली. कवाड उघड!"

मी चप्पल काढायची विसरलो. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. नात भिंतीला टेकून बसली होती, तांब्याला मोबाइल टेकवलेला होता आणि त्या मोबाइलमध्ये मी होतो. बनियनवरचा, मान हलवणारा, हातवारे करणारा. बायको शेजारी मेथी निवडत होती आणि मधून मधून न बघता पोरीच्या तोंडात घास घालत होती. भुरी आली. बांडी आली. आणि मग मोबाइलमधल्या मला खोकल्याची जोरदार उबळ आली. नात खदखदून हसली. तो तिचा आवडता भाग होता. खोकला संपला, तिनं आपणहून आ केला आणि चांदी आत गेली.

मी म्हणालो, "अगं..."

नातीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बोट ओठावर ठेवून म्हणाली, "आबा, गप. आबा बोलतोय."

बायकोच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. ती घाबरली, पण क्षणभरच. मग तिनं मोबाइल बंद केला, पोर रडायला लागली, आणि आम्ही त्या रडण्यावर आवाज चढवून भांडलो.

"कधीपासून?"

"तुमी गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून. दोन दिवस पोरीनं पान्याबिगर काय घेतलं नाय. मला नाय येत तुमच्या शेळ्या हाकायला. काय करू? उपाशी मारू?"

"मी आल्यावर?"

"आल्यावर तिला तेच पायजे. तुमी फिरायला गेला की नाष्ट्याला लावते. मोबाइलात अस्वल नाय दाखवत, तुमालाच दाखवते. तुमचाच तर आवाज हाय."

"आणि रविवारी? सुनेला मी बोलत होतो तेव्हा तू भाकरी वाढत होतीस!"

ती म्हणाली, "तुमी इचारलं का मला? घरात पोर दिवसभर कुनाजवळ असती? मला एका शब्दानं इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमाला वाटलं, हिला काय येतंय." मग मेथी बाजूला सारून म्हणाली, "तीन लेकरांना खाऊ घातलं मी. तुमी तवा परगावच्या शाळेवर. कंच्या बाकावर बसून कोन माझं कवतिक सांगत व्हतं?"

तिचं म्हणणं खरं होतं आणि त्यानं माझा राग कमी झाला नाही. एखादं म्हणणं खरं असलं म्हणून पाठीतला वार बरा होत नाही. चाळीस वर्षं जिच्या हातचं डोळे मिटून खाल्लं, तिनं बारा दिवस फोनवर आणि त्यानंतर रोज समोरासमोर मला खोटं वाढलं होतं. आणि माझ्याच आवाजाचं कातडं पांघरून.

बँकेत गेलो नाही. संध्याकाळी सून आली, तिनं पर्सही खाली ठेवली नव्हती, तेव्हाच म्हणालो, "पोरी, माझं चुकलं. तू नव्हतीस."

ती माझ्या पाया पडायला वाकली. आमच्याकडं सुनेनं सासऱ्याला माफ करण्याची दुसरी पद्धत नाही. मग हळूच म्हणाली, "मला माहीत होतं, आबा."

"काय माहीत होतं?"

"आई दाखवतात ते. पहिल्या आठवड्यापासून. यांनाही माहीत होतं." तिनं मुलाकडं मान केली. मुलगा बूट काढत होता, तो काढतच राहिला. "पण आईंचं नाव कसं घेणार? आणि तुम्ही गावाहून आल्यावर किती खूश होता. ती तुमच्या हातानं खाते म्हणून."

म्हणजे रविवारी भरल्या ताटावर मी तिला चोर ठरवत होतो, तेव्हा त्या घरात चार मोठी माणसं होती आणि तिघांना खरं ठाऊक होतं. मी रोज दुपारी शेळ्या हाकत होतो, पोर आ करत होती आणि मला वाटत होतं, हे माझ्यामुळं. सकाळपासून मी मनात घोकत होतो की माझ्यात भुसा भरून मला पोरीपुढं उभं केलं. ते खरंच होतं, पण अर्धंच. म्हैसही मीच होतो. माझ्यापुढंही रोज एक खोटं उभं केलेलं होतं आणि मी ते प्रेमानं चाटत होतो. घरातले सगळे गोठ्याच्या दाराशी उभे राहून बघत होते, पान्हा आटू नये म्हणून.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. कोणी आग्रह केला नाही. आग्रह करायचा नाही, हा कायदा माझाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं माझ्या देखत मोबाइल कुकरात टाकला आणि झाकण लावलं. तिनं ते पुसून टाकलं की नाही, हे मी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही. आमच्यात त्या दिवसापासून बोलणं होतं ते भाजीपुरतं आणि औषधापुरतं.

नात माझ्यापुढं येऊन बसली. मी दूध-भाकरी कुस्करली. तिची नजर तांब्याकडं गेली, तिथं काही नव्हतं. मग ती माझ्याकडं वळली आणि वाट बघत राहिली. मी हाक दिली. कानी आली. भुरी आली. बांडी आली. चांदीचा घास बोटांत धरून मी थांबलो. माझा घसा त्या दिवशी अगदी मोकळा होता.

"आबा, खोक," ती म्हणाली.

मागं भाकरी थापायचा आवाज थांबला.

मी खोकलो. मोबाइलमधला आबा जसा खोकला होता तसाच, मान हलवत, हुबेहूब. नात खदखदून हसली आणि तिनं कवाड उघडलं.